आदरार्थी राग

उपासनेला निघालो होतो. गाडीत आम्ही तिघंच. पुढे मी आणि बायको, मागे दहा वर्षांची लेक. काचा वर केलेल्या, त्यामुळे शांतता जरा जास्तच दाटलेली. मी बायकोला विचारलं, "तुम्ही दारातच उतरणार, की गाडी लावून एकत्र जायचं?" ती बाहेर बघत म्हणाली, "काहीही." मागून आवाज आला, "पप्पा, तुम्ही मम्मीवर रागावलात?" मी आरशात बघून हसलो. "नाही गं." लेकीनं क्षणभर विचार केला असावा. मग म्हणाली, "मग तुम्ही मम्मीला ‘तुम्ही’ का म्हणताय?"

उत्तर दिलं नाही. सिग्नल लाल होता, त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघत राहिलो.

एरवी आमच्यात सरळ ‘तू’ असतं. लग्नाला अठरा वर्षं झाली. पहिल्या महिन्यापासून तिनंही मला ‘तू’च म्हटलं. पण माझं काही बिनसलं की माझी भाषा सुधारते. ‘तुम्हाला वाटेल तसं.’ ‘आपली मर्जी.’ ‘तुम्ही बसा, मी करतो.’ यात एक शब्द वावगा नाही. तिनं कुणाकडे तक्रार करायची म्हटली तरी काय करणार? नवरा मान देऊन बोलतो म्हणून? आदरार्थी बहुवचन असं चिमट्यासारखं वापरता येतं. समोरच्याला धरून बाजूलाही ठेवता येतं आणि आपल्या बोटाला चटकाही बसत नाही. मला वाटत होतं ही युक्ती फक्त मला ठाऊक आहे. मागच्या सीटवर बसून एक मूल इतकी वर्षं व्याकरण शिकत होतं, हे लक्षातच आलं नव्हतं.

कारण सांगायला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. आदल्या रात्री घरी माणसं आली होती. मी एक किस्सा सांगत होतो. हसू यायच्या जागेपाशी पोचलो आणि शेवटचं वाक्य तिनं सांगून टाकलं. सगळे खळखळून हसले. मीही हसलो. बस्स. पण ते वाक्य माझं होतं, अर्धा तास राखून ठेवलेलं. माणसं गेल्यावर मी भांडी आवरली, दिवे मालवले, ‘तुम्ही झोपा’ म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं. कारण मोठं असतं तर बोलता आलं असतं. एवढ्याशा गोष्टीवर रागावलो हे कबूल करण्यात जी नामुष्की आहे ती रागापेक्षा मोठी वाटते, म्हणून मग राग तसाच आत ठेवायचा आणि वरून सभ्यतेचं झाकण लावायचं.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. चर्चच्या पाळकांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकानं स्वतःची परीक्षा करावी म्हणून थोडा वेळ दिला. मी डोळे मिटून परीक्षा केली आणि उत्तम गुणांनी पास झालो. मी तिच्यावर ओरडलो नव्हतो. उलट बोललो नव्हतो. मनातल्या मनात मी तिला क्षमाही करून टाकली होती, आणि त्या क्षमेचं मला जरा कौतुकही वाटत होतं. भाकर घेतली. मग लहान पेल्यांची थाळी आमच्या रांगेत आली. माझ्या हातून तिच्या हातात गेली आणि तिनं पेला न उचलता थाळी पुढे दिली. तिच्या बोटांनी थाळीची कड घट्ट धरली होती, पेले एकमेकांवर किंचित किणकिणले. शेजारच्यांच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या हातात मात्र पेला होता. मी तो प्यायलो. चव नेहमीचीच होती, हे जास्त लागलं.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं ते वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे: वेदीपाशी दान आणल्यावर भावाची आठवण झाली तर दान तिथंच ठेवून आधी जाऊन समेट कर. पण इतकी वर्षं मी ते उलटं वाचत होतो. मला वाटायचं, माझ्या मनात कुणाबद्दल राग असेल तर, असं ते आहे. तसं नाही. तिथं लिहिलंय की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर. मत्तय 5:23. म्हणजे माझी पाटी कोरी आहे की नाही हा तिथला प्रश्नच नव्हे. माझ्यामुळे कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, हा आहे. आणि ती माझ्या उजव्या हाताला, एका वितीवर बसलेली होती.

माझ्या शांतपणाला एक इतिहास आहे. आमच्या वडिलांना राग यायचा तो आवाजासकट. दार आपटायचं, ताट सरकायचं, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पदर मुठीत धरून उभी राहायची. आणि मग संध्याकाळची प्रार्थना व्हायची. तेच वडील, तोच आवाज, पण अगदी खाली आलेला. प्रभूच्या प्रार्थनेतलं, क्षमा मागणारं ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस...’ म्हणताना तो किंचित कापायचा. आम्ही भावंडं डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघायचो. त्यांना खरोखर वाईट वाटत असायचं, याची आज मला खात्री आहे. तेव्हा नव्हती. तेव्हा मी एवढंच ठरवलं की आपण असं व्हायचं नाही. आणि झालो नाही. चर्चच्या मंडळीत माझी ओळख ‘शांत स्वभावाचा माणूस’ अशी आहे. कुणाच्या घरी भांडण झालं तर मला बोलावतात. एकदा अशाच एका घरून परत येताना बायको म्हणाली होती, "तुझ्या शांतपणापेक्षा तुझ्या वडिलांचं ओरडणं परवडलं असतं. ते संपायचं तरी." मला ते फार अन्यायाचं वाटलं. त्यानंतर चार दिवस मी तिच्याशी अत्यंत आदरानं वागलो.

पवित्र शास्त्रात देवाच्या स्वभावाचं वर्णन करताना ‘मंदक्रोध’ असा सुरेख शब्द येतो. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे, स्तोत्रांत आहे, योना संदेष्ट्याच्या तोंडीही आहे. मूळ हिब्रूत तिथं ‘एरेख अप्पायिम’ आहे, आणि त्याचा शब्दशः अर्थ निघतो ‘लांब नाकाचा’. हिब्रूत नाकाला जो शब्द, तोच रागाला. राग आला की नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो, म्हणून असेल. आपल्याकडेही राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असतो. दोन भाषा, एकमेकींची तोंडओळख नसलेल्या, आणि रागाचं घर दोघींनी एकाच ठिकाणी बांधलं. लांब नाक म्हणजे रागाला शेंड्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, असं मी त्याचं चित्र करतो. हे चित्र सापडलं तेव्हा खूश झालो होतो, कारण मला वाटलं हे माझंच वर्णन आहे. आता वाटतं, माझं नाक काही लांब नाही. मी फक्त ते दाबून धरतो.

आणि दाबून धरलेल्या नाकानं फार वेळ जगता येत नाही.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन नावाच्या संन्याशानं वाळवंटातल्या मठवासीयांविषयी बरंच लिहून ठेवलं आहे. त्यात माझ्यासारख्यांचा फोटो आहे. तो म्हणतो, काही जण चिडवल्यावर उत्तर देत नाहीत म्हणून स्वतःला सहनशील समजतात, पण त्यांचं ते कडवट मौन आणि तुच्छतेचे हावभाव समोरच्याला शिव्यांपेक्षा जास्त पेटवतात. कुणी भांडण मिटवायचं सोडून बाजूला जाऊन स्तोत्रं म्हणू लागतो, कुणी रागानं उपास धरतो. सोळाशे वर्षांपूर्वीची माणसं, ना बायको, ना पाहुणे, ना किस्से, आणि तरी हे असं. दुसऱ्या एका ठिकाणी तो स्वतःबद्दल सांगतो की एकांतात राहायला गेलो, तिथं रागावायला माणूसच नव्हतं, तर मी बोरूवर रागावलो, कारण तो फार जाड होता किंवा फार बारीक. बोथट चाकूवर रागावलो. ठिणगी लवकर न पाडणाऱ्या गारेवर रागावलो. मला हे वाचून मोकळं हसू आलं. म्हणजे माझा किस्सा तिनं पुरा केला म्हणून राग आला, हे म्हणणं अर्धंच खरं. तो आधीपासून तयार बसला होता, त्याला फक्त पत्ता मिळाला.

लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्ही एक नियम केला होता. अर्थात प्रेषित पौलाच्या आधारावर: राग मनात असताना सूर्य मावळू नये. तरुण ख्रिस्ती जोडप्यांना हे वचन लग्नाच्या उपदेशात हमखास मिळतं. आम्ही ते अक्षरशः पाळायला गेलो. भांडण मिटल्याशिवाय झोपायचं नाही. परिणाम असा की रात्रीचे दोन वाजायचे, ती रडून थकलेली, मी मुद्दे मोजून थकलेलो, आणि त्या थकव्यात दोघंही असं काही बोलून जायचो जे दुपारी दोन वाजता कधी बोललो नसतो. कधीकधी मी नुसतं झोपायला मिळावं म्हणून ‘चुकलो’ म्हणायचो. तिला ते कळायचं. मग त्यावरून पुन्हा. सूर्य केव्हाच मावळलेला असायचा, बिचारा परत उगवायच्या बेतात असायचा.

कितीतरी नंतर मी ते वचन त्याच्या आजूबाजूसकट वाचलं. इफिसकरांस पत्र, चौथा अध्याय. ‘रागवा, परंतु पाप करू नका’ हे पौल चौथ्या स्तोत्रातून घेतो. आणि त्या स्तोत्रात पुढे काय आहे? अंथरुणावर पडल्यापडल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. शेवटी तर स्तोत्रकर्ता स्वस्थ झोपूनही जातो. म्हणजे रात्री दोनपर्यंत वाद घालण्याची परवानगी मूळ ठिकाणी तरी दिसत नाही. त्याहून मला धक्का बसला तो आधीच्या ओळीचा. सव्विसाव्या वचनात राग येतो, पण पंचविसाव्यात आहे: लबाडी सोडा, प्रत्येकानं आपल्या शेजाऱ्याबरोबर खरं बोला. आधी खरं, मग राग. मी पंचवीस ओलांडून थेट सव्विसावर उडी मारत आलो होतो. माझ्या रागानं पाप केलं असेल-नसेल, पण त्याच्या आधी मी ‘नाही गं’ म्हणालो होतो, आरशात हसून, एका मुलीला, उपासनेच्या वाटेवर. पुढे लगेच येतं, ‘सैतानाला वाव देऊ नका.’ वाव म्हणजे जागा. आदल्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपलो तेव्हा अंथरुणावर मध्ये बरीच जागा राहिली होती.

मग मला देवानं लोकांना रागाबद्दल विचारलेले प्रश्न आठवायला लागले. पहिला काइनाला, आदामाच्या थोरल्या मुलाला. तू का संतापलास, तुझं तोंड का उतरलं? पाप दाराशी टपून बसलंय, असंही त्याला सांगितलं. काइनाचं उत्तर काय? काही नाही. उत्पत्तीत तिथं त्याचा एकही शब्द नाही. तो देवाशी न बोलता वळतो, भावाकडे जातो आणि त्याचा जीव घेतो. तिथली हिब्रू ओळही विचित्र आहे. ‘काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला’ एवढं येतं आणि काय म्हणाला ते येतच नाही. जुन्या भाषांतरांनी ‘चल, आपण शेतात जाऊ’ असं घालून ती फट बुजवली. मला ती बुजवू नये असं वाटतं. रागावलेला माणूस काहीतरी बोलतो आणि त्या बोलण्यात काही नसतं, हे मला ठाऊक आहे. ‘तुम्ही दारातच उतरणार?’

दुसरा प्रश्न योनाला. ज्या निनवे शहराच्या नाशाची त्यानं घोषणा केली होती ते वाचलं म्हणून तो चिडला. देवानं विचारलं, तुझं हे रागावणं बरं आहे का? पहिल्यांदा तोही उत्तर देत नाही. शहराबाहेर जाऊन बसतो, रुसलेल्या जावयासारखा. मग देव सावलीला वेल देतो, तो सुकवतो, आणि पुन्हा तोच प्रश्न. आता मात्र योना भडकून म्हणतो, होय, बरोबरच आहे, मरेपर्यंत रागावलो तरी बरोबर आहे! किती उद्धट उत्तर. पण देव त्याच्यावर वीज पाडत नाही. बोलत राहतो. ते पुस्तक संपतं तेसुद्धा देवाच्या प्रश्नावर, संवाद चालू असताना. गप्प राहिलेल्या काइनाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे, आणि उर्मटपणे खरं बोललेला योना अजून देवाशी वाद घालत बसलाय. यावर कुणी धर्मशास्त्र रचावं अशी माझी योग्यता नाही. पण मला योनाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

आणि तो थोरला भाऊ. येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट, ज्यात पैसे उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, ती ऐकताना मी नेहमी धाकट्याच्या बाकावर बसायचो, तिथं बसणं भक्तिभावाचं दिसतं. पण माझी खरी जागा दाराबाहेर, शेतातून आलेल्या त्या कष्टाळू माणसाशेजारी आहे. तो रागावला आणि आत जाईना. बाप बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं त्यात करडू आहे. मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही! किती वर्षं त्यानं ते करडू मनात पाळलं असेल, चारा घातला असेल. तोवर सगळे त्याला गुणाचा मुलगा म्हणत असणार. करिंथकरांस लिहिताना पौल प्रीतीबद्दल म्हणतो, ती अपकार स्मरत नाही. तिथं ग्रीकमध्ये हिशेबाच्या वहीतला शब्द आहे, नोंद करून ठेवणं असा. माझी वही फार नीटनेटकी आहे. तारखा आहेत. किस्सा हे माझं ताजं करडू.

इथं एक गोष्ट बाजूला ठेवून सांगायला हवी, कारण ही वचनं मी फार वाईट रीतीनं वापरलेली पाहिली आहेत. जिला घरात मार बसतो तिला ‘सूर्य मावळू देऊ नको, क्षमा कर’ म्हणून परत पाठवणारे लोक मंडळीत असतात. तिचा राग ही तिच्या अंगात शिल्लक राहिलेली शेवटची धडधाकट गोष्ट असते, आणि हे तीच काढून मागतात. नीतिसूत्रांत रागीट माणसाशी मैत्रीदेखील करू नको, असं आहे. ते वचन अशा वेळी कुणाला आठवत नाही. मी लिहितोय ते बरोबरीनं उभ्या असलेल्या दोन माणसांच्या रागाबद्दल, जिथं कुणालाही कुणाच्या हाताची भीती नाही.

येशू रागावला म्हटलं की सगळ्यांना मंदिरातले, त्यानं उलटवलेले सराफांचे चौरंग आठवतात. मला मार्काच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय जास्त जवळचा. सभास्थानात हात वाळलेला एक माणूस आहे, शब्बाथाचा, म्हणजे काम न करण्याचा पवित्र दिवस आहे, लोक टपून बसलेत. येशू विचारतो, शब्बाथ दिवशी बरं करणं योग्य की वाईट करणं? ते गप्प राहतात. आणि मग मार्क लिहितो की त्यानं रागानं सभोवार पाहिलं, त्यांच्या मनाच्या कठीणपणाबद्दल त्याला दुःख झालं. हीच गोष्ट मत्तयात आणि लूकमध्येही आहे, पण रागाचा उल्लेख त्यांनी ठेवलेला नाही; मार्कानं ठेवला. येशूला राग आला तो गप्प बसण्याचा. शांत, सभ्य, पवित्र दिवशी पवित्र जागी बसलेल्या माणसांच्या गप्प बसण्याचा. आणि त्या रागानं पुढे काय केलं, तर एका माणसाला म्हटलं, हात पुढे कर.

हे सगळं मला त्या रविवारी सुचलं असं मुळीच नाही. त्या रविवारी मी घरी येऊन पेपर वाचला. ‘तू’वर यायला मला मंगळवार लागला, आणि आलो तोही न सांगता, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. तिनंही पेल्याबद्दल काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात तिनं पेला घेतला, मी तिरक्या नजरेनं पाहिलं, आणि मला जे हायसं वाटलं त्याचीही मला शरम वाटली.

मध्ये बरेच दिवस गेले. मागच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी झालं. तेही लहानच, सांगण्यासारखं नाही. माझ्या तोंडात ‘तुम्ही’ तयार झालं, अगदी ओठांपर्यंत आलं. लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती, दार अर्धवट उघडं. मी खुर्चीत बसलो, कारण उभं राहून म्हणायचा धीर होईना, आणि म्हणालो, "मी तुझ्यावर रागावलोय." आवाज वडिलांसारखा निघेल अशी भीती होती. फाटका, बारीक निघाला. बायकोनं हातातलं काम खाली ठेवलं. "बरं," ती म्हणाली. "कशावरून?" आणि मी सांगायला लागलो. एकच गोष्ट सांगायची होती, पण तिच्या मागोमाग दुसरी निघाली, मग तिसरी; किस्साही निघाला. तिनं ऐकवलं तोवर ऐकलं, मग तिलाही राग आला. तिची वही माझ्याइतकी नीट नाही, पण जाड आहे. पेल्याची गोष्ट तेव्हा निघाली. "तू माझ्याकडे बघितलंस," ती म्हणाली, "आणि तरी प्यायलास."

त्यावर माझ्याकडे काही नव्हतं. आतल्या खोलीतला पानं उलटल्याचा आवाज कधीच थांबला होता.

समेट वगैरे झाला नाही. प्रार्थना करू या का, असं मी विचारलं तेव्हा ती "आज तू मनातच कर" म्हणाली. सूर्य तर आम्ही सुरुवात केली तेव्हाच मावळला होता. झोपलो ते पाठीला पाठ लावून, पण या वेळी पाठी एकमेकींना टेकलेल्या होत्या. तिची ऊब जाणवत होती आणि ती जागी आहे हेही. सकाळी मी उठलो तेव्हा ती खिडकीशी केस विंचरत होती. माझ्याकडे न वळता म्हणाली, "काल तू तीन गोष्टी बोललास. त्यातली दुसरी खरी होती."

दुसरी कोणती, ते मी अजून आठवतोय.